कोळसा थोडा, वारा मोजका

गेल्या अंकात वांग्याच्या भरताबद्दल लिहिताना मी कोळशाच्या छोट्या ग्रिलचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या ग्रिलबद्दलच आहेत. कुणी ती गच्चीवर मांडतं, कुणी गाडीच्या डिकीत टाकून पन्हाळ्याला नेतं, कुणाची शेतातल्या खोपीत असते. तक्रारी वेगवेगळ्या, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: जाळ कमी पडला की कोळसा वाढवायचा. माझी सारी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत, कुपोला म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर झाली. तिथे कोक (दगडी कोळशापासून केलेलं जळण) किती टाकला याच्यापेक्षा ब्लोअरचा वारा किती सोडला याकडे आमचं लक्ष जास्त असायचं. ग्रिल वीतभर उंचीची असली तरी तिचा नियम तोच आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर तिलाच देतो.

काका, आमची ग्रिल गोल आहे, सव्वा फूट व्यासाची, झाकणाची. लेगपीस बाहेरून काळे होतात आणि हाडापाशी कच्चे राहतात. कोळसा तर मी काठोकाठ भरते. मग चुकतं कुठे?
– एक वाचक, राजारामपुरी

ताई, कोळसा काठोकाठ भरता तिथेच चुकतं. मोठ्या ग्रिलमध्ये कोळसा आणि जाळी यांच्यात चांगलं अंतर असतं. तुमच्या ग्रिलमध्ये ते तीन-चार बोटंच असणार, आणि कोळसा काठापर्यंत भरला तर तेही उरत नाही. निखाऱ्याची धग सरळ वर मांसावर पडते. लेगपीस आतपर्यंत शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण वरचा मसाला अशा धगीवर पाच मिनिटांत जळतो. कोळसा वाढवून आतलं लवकर शिजत नाही, बाहेरचं लवकर जळतं.

म्हणून ग्रिलचे दोन भाग करा. पेटलेला कोळसा एका अर्ध्या भागात पसरा: मधे एक थर, कडेला दोन. दुसरा अर्धा भाग पूर्ण मोकळा ठेवा. लेगपीस आधी मोकळ्या बाजूला, जाड मांसाची बाजू निखाऱ्यांकडे करून ठेवा आणि झाकण लावा. आतली गरम हवा झाकणाखाली फिरते आणि मांस चारी बाजूंनी शिजतं. साधारण अर्ध्या तासात, मधे एकदा उलटवून, ते शिजत येईल. मग तेलाचा हात लावून शेवटची चार-पाच मिनिटं निखाऱ्यांवर घ्या, रंग आणा आणि काढा. बरेच जण आधी जाळावर रंग आणतात आणि मग बाजूला ठेवतात. मला उलटा क्रम जास्त पटतो, कारण आपल्याकडची कोंबडी सोललेली असते आणि मसाल्यात दही असतं. सुरुवातीलाच जाळावर टाकली तर दही जाळीला चिकटतं आणि उलटताना मसाला जाळीवरच राहतो.

आता झाकणाबद्दल. घुमटाकार झाकणाची गोल ग्रिल अमेरिकेत शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने १९५२ साली केली. तो धातूच्या कारखान्यात काम करायचा, तिथे समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या पत्र्याच्या बोयी बनत. त्याने असाच एक गोळा मधून कापला, खालचा भाग शेगडीला घेतला आणि वरच्याचं झाकण केलं. वाऱ्याने जाळ हलतो आणि राख अन्नावर उडते याचा त्याला वैताग होता. झाकणामुळे जाळाला वारा किती मिळावा हे त्याच्या हातात आलं.

तुमच्या ग्रिललाही खाली एक झडप आणि झाकणावर एक झडप असेल. कामाची खालची. कोळशाला लागणारा वारा तिथून आत शिरतो. पेटवताना ती पूर्ण उघडी ठेवा, शिजवताना अर्धी, आणि मंद आचेवर बराच वेळ ठेवायचं असेल तर पाव. वरची झडप शिजवताना कधीच पूर्ण बंद करू नका. धूर आत कोंडला की मांसाला कडवट वास धरतो. झाकण बसवताना ती झडप मांसाच्या बाजूला येईल असं फिरवा, म्हणजे गरम हवा मांसावरून जाऊनच बाहेर पडेल. झडप हलवली की लगेच फरक दिसत नाही. पाच-सात मिनिटं थांबा आणि मगच पुन्हा हात लावा. फौंड्रीत नवी पोरं वारा वाढवायची, फरक दिसला नाही म्हणून आणखी वाढवायची, आणि मग भट्टी एकदम तापली की धावपळ करायची. छोट्या ग्रिलमध्येही हेच घडतं.

आणि सारखं झाकण उघडून बघू नका. उघडलं की आतल्या हवेचा ताव उतरतो हे खरं, पण कोळशाला मोकळा वारा मिळून त्याचा ताव चढतो. म्हणजे वरून शिजणं थांबतं आणि खालून जळणं सुरू होतं. तुमच्या लेगपीसचं दुखणं नेमकं हेच आहे.

आच किती आहे हे हाताने कळतं. जाळीच्या अर्धी वीत वर तळहात धरा आणि सावकाश आकडे मोजा. दोन-तीन आकड्यांत हात काढावा लागला तर आच तेज, चार-पाच आकडे धरवला तर मध्यम, सहा-आठ आकडे निघाले तर मंद. प्रत्येक वेळी त्याच उंचीवर हात धरा, तरच अंदाज बसतो.

हाडापाशी लाल दिसलं म्हणजे कच्चंच असं मात्र नाही. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. उलट, रंग गेला म्हणजे शिजलं असंही नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या आणि त्याची सुई जाड मांसात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश सेल्सिअस दिसले की कोंबडी शिजली.

कोळसा पेटायला पाऊण तास लागतो. रॉकेल टाकलं तर पेटतो, पण वास खाण्याला लागतो. आमच्या शाळेतले सहकारी म्हणतात, कोल्हापुरात जाळ अन् धूर संगटच. आमच्याकडे नुसताच धूर आहे. उपाय सांगा.
– एक शिक्षक, पेठवडगाव

सर, रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काही कोळशावर नको. कोळसा सच्छिद्र असतो, तो ते पिऊन घेतो आणि नंतर तासभर तोच वास सोडतो. आणि अर्धवट पेटलेल्या कोळशावर वरून ओतणं तर जिवाशी खेळ आहे. गरम कोळशावर त्याची वाफ होते, ती भडकते आणि जाळ धारेवरून हातातल्या बाटलीपर्यंत येतो.

पत्र्याचं एक नळकांडं करून घ्या. सहा इंच व्यास, नऊ-दहा इंच उंची. तळापासून अडीच इंचांवर आत एक जाळी आणि त्या जाळीच्या खाली भोवताली बोटभर भोकं. बाहेरून लाकडी मुठीचा कान. पत्र्याचे डबे-पिंपं करणारा कुणीही कारागीर हे करून देईल. फक्त पत्रा साधा काळा घ्या, जस्ताचा मुलामा दिलेला नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि वारा लागलेल्या कोळशाच्या गाभ्यात एवढी उष्णता येऊ शकते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. मुलाम्याच्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक असतो.

नळकांडं ग्रिलच्या तळावर उभं करा, वरच्या भागात कोळसा भरा, खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून कोंबा आणि भोकातून काडी लावा. तुमच्या भागात तर कागदाचीही गरज नाही. गुऱ्हाळावरचं वाळलेलं मूठभर चिपाड घाला. चुलवाणात काहिलीखाली जे भसाभस पेटतं ते इथे पेटणारच. गरम हवा वर जाते, खालून थंड हवा ओढली जाते, आणि कोळसा आपला आपण पेटत वर चढतो. फुंकणी नको, पंखा नको. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी होतात. तेव्हा चामड्याचा हातमोजा घालून नळकांडं उचला आणि कोळसा पसरा.

तुमचा धूर येतो तो अर्ध्या पेटलेल्या कोळशाचा. कोळसा करताना लाकूड कमी हवेत तापवतात, त्यात त्याचा बहुतेक धूर निघून गेलेला असतो. जो थोडा राहतो तो पेटताना निघतो, आणि ओलावा असेल तर तो जास्त वेळ निघत राहतो. सगळ्या कोळशांवर राखेचा पातळ पांढरा थर दिसेपर्यंत जाळीवर काही ठेवू नका. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल धरतो, मग तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. पोत्यात ठेवू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

धूप घालायला मिळणाऱ्या, काडी लावताच चरचर पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्या काही जण वापरतात. त्यात पेट घेण्यासाठी सोरा वगैरे मिसळलेला असतो. त्या देवघरातच राहू द्या.

मी उद्यमनगरात कामाला आहे. आमच्याकडे कोक सहज मिळतो, आणि तो कोळशापेक्षा जास्त तापतो. तो ग्रिलमध्ये चालेल का? नाहीतर विटांसारखे दाबलेले कोळसे घेऊ का?
– एक कामगार वाचक, कोल्हापूर

भावा, कोक नको आणि दगडी कोळसाही नको. दोन्हींत गंधक असतं, ते अन्नात उतरतं आणि धुरातून तुमच्या छातीत जातं. शिवाय कोक ब्लोअरच्या वाऱ्याशिवाय नीट पेटत नाही. लोखंड वितळवायचं त्याचं काम आहे, तिथे तो उत्तम.

लाकडी कोळसा घ्या. बाभळीसारख्या जड लाकडाचा मिळाला तर फारच चांगलं. तो लवकर पेटतो, तेज जळतो, राख कमी सोडतो आणि वारा कमी-जास्त केला की लगेच ऐकतो. दाबलेल्या कोळशाच्या वड्या एका मापाच्या असतात, संथ आणि एकसारख्या जळतात, पण राख बरीच करतात. मोठ्या ग्रिलवर दोन-अडीच तासांचं काम असेल तर मी वड्या घेईन. छोट्या ग्रिलचा तळ उथळ असतो, तिथे राख साठली की खालची झडप बुजते. म्हणून तुमच्यासाठी माझं मत लाकडी कोळशालाच. तुकडे लिंबाएवढे ते अंड्याएवढे करून घ्या. फार मोठा तुकडा पेटत नाही, आणि चुरा वाऱ्याची वाट अडवतो. चुरा चाळून बाजूला काढा.

मटण ग्रिलवर चिवट होतं. पपई लावली तर पिठासारखं होतं. कोल्हापुरात राहून मटणच जमत नाही म्हणजे काय!
– एक तरुण वाचक, मंगळवार पेठ

बोकडाच्या मटणात, विशेषतः मांडी आणि खांद्यात, चिवट तंतू बरेच असतात. ते सुटायला ओलसर उष्णता आणि वेळ लागतो, आणि ग्रिल या दोन्हींत कमी पडते. कच्च्या पपईतलं पेपेन ते तंतू तोडतं, पण किती तोडायचं हे त्याला कळत नाही. गर जास्त लावला किंवा रात्रभर ठेवला की वरचा थर लगद्यासारखा होतो. वापरायचीच असेल तर किलोला चमचा-दीड चमचा गर, आणि तास-दोन तासांत मटण ग्रिलवर गेलं पाहिजे.

पण आपल्या घरात याहून चांगली वाट आहे. रश्शासाठी आपण मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढतोच. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजत ठेवा आणि तुकडा बोटाने दाबला तर दबेल पण सुटणार नाही इतपत झालं की उतरवा. अळणी पांढऱ्या रश्शाला घ्या. तुकडे निथळून पूर्ण गार करा, मग दही आणि मसाला चोळा. गार झालेला तुकडा सळईवर नीट बसतो, गरम असताना ओवला तर फाटतो. मग निखाऱ्यांवर तेज आचेला, दर मिनिटाला फिरवत, सात-आठ मिनिटं. मटण आधीच शिजलेलं असल्यामुळे ग्रिलला फक्त वरची खरपूस कड आणि धुराचा वास द्यायचा असतो, आणि त्यात ती पटाईत आहे. चरबीचे दोन-चार तुकडे मधे ओवायला विसरू नका, नाहीतर कोरडं लागेल.

कांदा-लसूण चटणी लावून चिकन भाजायला घेतलं की सगळी गच्ची ठसकते. मधेच भडका उडतो, मग मी पाणी शिंपडते. हे बरोबर आहे का?
– एक गृहिणी, इचलकरंजी

वहिनी, पाणी शिंपडू नका. निखाऱ्यावर पाणी पडलं की वाफेबरोबर राख उसळते आणि सगळी चिकनवर बसते. भडका उडतो तो तेल आणि चरबी खाली ठिबकल्यामुळे. तुकडा चिमट्याने मोकळ्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा. वारा तुटला की भडका आपोआप बसतो. त्यासाठीच अर्धी ग्रिल मोकळी ठेवायची. भडक्याच्या धुराचा काळा थर मांसावर बसतो, आणि तो तब्येतीलाही चांगला नाही. जळक्या चरबीच्या धुरात कॅन्सरला कारण ठरू शकणारी द्रव्यं असतात. काळा पडलेला भाग कापून टाका, मुलांना तर देऊच नका.

ठसका हा चटणीतल्या मिरचीचा. आपली चटणी आधीच भाजून कुटलेली असते, ती पुन्हा निखाऱ्यावर जळायला वेळ लागत नाही. म्हणून सुरुवातीला फक्त हळद, मीठ, आलं-लसूण आणि दही लावा. चटणी तेलात कालवून वाटीत ठेवा आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, तुकडे मोकळ्या बाजूला असताना, ब्रशने लावा. गूळ किंवा काकवी लावायची असेल तर तीही याच वेळी, आधी नाही. साखर १६० अंशांच्या पुढे रंग बदलू लागते आणि निखाऱ्यांवर ती पाहता पाहता कडू होते. काकवीत चटणी आणि लिंबू कालवून लावलेले कोंबडीचे पंख मला स्वतःला फार आवडतात, पण त्यांना शेवटच्या मिनिटात डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागतं.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. पावसाळ्यात गच्चीवर जाता येत नाही. बंद बाल्कनीत, एक खिडकी उघडी ठेवून ग्रिल पेटवली तर चालेल का? कोळसा नीट पेटला की धूर होत नाही, मग अडचण काय?
– एक कुटुंब, कोल्हापूर

चालणार नाही. एक खिडकी उघडी ठेवून नाही, दोन उघड्या ठेवूनही नाही, पंखा लावूनही नाही. या पत्राचं उत्तर मी जरा सविस्तर देतो, कारण तुमच्यासारखाच विचार करणारी घरं पुष्कळ असतील.

नीट पेटलेल्या कोळशावर अंधारात कधीतरी लहानशी निळी ज्योत नाचताना दिसते. ती जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची असते. खालून आलेला वारा कोळशाला भेटतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांमधून जाताना पुन्हा कार्बन घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. वर मोकळी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर तो निळ्या ज्योतीने जळून जातो. नाही मिळाली तर तसाच बाहेर पडतो. कुपोलातही हेच घडतं. म्हणून वर कोक आणि लोखंड टाकायच्या प्लॅटफॉर्मवर कुणी उगाच रेंगाळायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम होता.

या वायूला रंग नाही आणि वासही नाही. धूर दिसत नाही म्हणून तुम्हाला जे सुरक्षित वाटतं तेच सर्वांत धोक्याचं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते, आणि गुंगीत माणसाला उठून दार उघडायचंही सुचत नाही. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. विझत आलेला, वर राख धरलेला कोळसाही हा वायू सोडत असतो. त्यामुळे स्वयंपाक झाल्यावर ऊब म्हणून ग्रिल खोलीत आणणं, तंबूत ठेवणं, किंवा अर्धवट विझलेली ग्रिल गाडीत घालून काचा लावून निघणं, हे सगळं सारखंच घातक आहे.

कुणाला अशी लक्षणं दिसली तर लगेच मोकळ्या हवेत न्या आणि १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जरा बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवाच.

इमारतीखालच्या पार्किंगमध्येही ग्रिल नको, तिथे गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतं. पावसाने उघडीप दिली की गच्चीवर जा. नाहीतर त्या दिवशी तवा आहे, गॅस आहे. कोळशावर भाजलेल्या चिकनसाठी घरातल्या कुणाचाही जीव पणाला लावू नका.

आम्ही मैत्रिणी पन्हाळ्याला ग्रिल नेतो. तिथे वाऱ्याने एका बाजूचा कोळसा लवकर जळतो आणि अर्ध्या तासात सगळं थंड होतं. नवा कोळसा टाकला की पुन्हा धूर. काय करायचं?
– एक विद्यार्थिनी, कागल

बाळ, पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे, तिथे वारा असणारच. ग्रिलची खालची झडप वारा येतो त्याच्या उलट बाजूला फिरवा. वारा येतो त्या बाजूला विटांचा किंवा पत्र्याचा आडोसा उभा करा, आडोशाला गाडी लावू नका. वारा असताना झडप नेहमीपेक्षा कमी उघडी ठेवा.

अर्ध्या तासात थंड होण्याचं दुसरं कारण राख. कोळशावर राख साचली की ती धग अडवते, आणि खाली साचली की वारा अडवते. दर वीस मिनिटांनी चिमट्याने कोळसे हळूच हलवा, राख खाली झडू द्या आणि झडपेपाशी काडी फिरवून वाट मोकळी करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच जाळ परत येतो, नवा कोळसा लागतच नाही. लागलाच तर काळा कोळसा जेवणाखाली टाकू नका. नळकांड्यात बाजूला वेगळा पेटवून घ्या. नळकांडं नसेल तर पाच-सहा तुकडे पेटत्या ढिगाच्या कडेला टेकवून ठेवा आणि त्यांचा धूर संपेपर्यंत अन्न दुसऱ्या बाजूला. हे जाळ उतरायच्या आधी करायचं. हात जाळीवर पाच आकडे धरवू लागला की नव्या कोळशाची तयारी करा.

गडावरच्या तटाबुरुजांपाशी ग्रिल मांडू नका, आणि राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात तर जाळ करायचाच नसतो. वाळलेल्या गवतावरही नको. ग्रिलखाली दोन विटांचा थर द्या. फरशीवर किंवा कडाप्प्यावर थेट ठेवली तर उष्णतेने तो तडकतो.

आमच्या घरी माळ आहे. ग्रिलवर शाकाहारी काय आणि कोणत्या क्रमाने करावं?
– एक वारकरी कुटुंब, गडहिंग्लज

माउली, जाळ जसा उतरतो तसं करत जा. भर तेज असताना कणसं, सारखी फिरवत. मग मध्यम आचेला पनीर, ढोबळी मिरची. जाळीला आणि पनीरला दोन्हींना तेलाचा हात, नाहीतर चिकटेल. वांगं जाळीवर नको, सरळ निखाऱ्यांत ठेवा, पण कोळसा साधा लाकडी असेल तरच. वांग्याला आधी दोन-तीन चिरा द्या, नाहीतर ते फुटतं. शेवटी आच उतरल्यावर रताळी आणि लहान बटाटे राखेत पुरून झाकण लावा. एवढं होईपर्यंत तासभर जातो आणि आणखी कोळसा लागत नाही. आधी रताळी घातली तर ती बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची होतात.

जेवण झाल्यावर उरलेला कोळसा पाण्याने विझवावा का? तो पुन्हा वापरता येतो का?
– एक वाचक, शाहूपुरी

पाणी नको. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की तो वाकतो, बीडाची जाळी असेल तर तडकते, आणि वाफेने हात भाजतो. दोन्ही झडपा बंद करा आणि झाकण घट्ट बसवा. वारा मिळाला नाही की कोळसा आपोआप विझतो. दुसऱ्या दिवशी राख झटका आणि उरलेले तुकडे डब्यात भरा. पुढच्या वेळी ते नव्या कोळशाच्या वर घाला. एकदा जळलेले असल्यामुळे ते लवकर पेटतात आणि धूरही करत नाहीत. नुसतेच वापरू नका, त्यांचा जाळ फार टिकत नाही.

राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा घंटागाडीत लगेच टाकू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून आणि लाकूडफाट्यापासून दूर, दोन दिवस राहू द्या. लाकडी कोळशाची राख असेल तर नंतर चिमूट-दोन चिमूट झाडांच्या मातीत मिसळता येते. दाबलेल्या वड्यांची असेल तर कचऱ्यातच.